बिनमिठाची भाकर

आबा, काल शनिवार होता आणि इथल्या चर्चच्या मंडळीसाठी प्रभुभोजनाची भाकर मी भाजली. तवा आईचाच आहे. गव्हाचं पीठ, पाणी, बाकी काही नाही. मीठ नाही, तेलाचं बोट नाही, खमीर तर नाहीच. लाटून झाल्यावर ती फुगू नये म्हणून आई बाभळीच्या काट्यानं टोचत असे, मी आता सुईनं टोचते. तेव्हा दुसऱ्या चुलीवर द्राक्षारसासाठी मनुका उकळत असायच्या, त्या मलमलच्या फडक्यातून गाळून बाटलीत भरायचं काम माझं. तुम्ही बाहेरच्या खोलीत उद्याचा उपदेश मोठ्यानं म्हणून बघत असायचात. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या त्या गावात पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्या चाळीसेक माणसांसाठी तुम्ही असे शब्द काढायचात की आई लाटणं थांबवून आतून म्हणायची, "तो शब्द नको हो. कुणाला कळायचा नाही." तुम्ही विचारायचात, "मग काय म्हणू?" "घरात आपण काय म्हणतो? तेच म्हणा." आणि रविवारी तुम्ही तेच म्हणायचात. लोक म्हणत, पाळकसाहेबांचा उपदेश पोटात उतरतो. त्यातला निम्मा आमच्या चुलीपुढं शिजलेला असे, हे मला आणि तिला माहीत होतं.

माझ्या धाकट्या भावाला देवी निघाल्या तेव्हा तुम्ही वार्षिक सभेसाठी धुळ्याला गेला होतात. देवीची लस टोचणारा गावात आला त्या दिवशी पोराला ताप होता, म्हणून टोचायचं राहिलं होतं. आईनं दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले, फोडणी बंद केली. एवढं तर आपल्यातही सगळे करतात, तुम्हीही त्याला कधी हरकत घेतली नव्हती. पण त्याचे डोळे चिकटून बंद झाले त्या दुपारी ती उठली, वाटीत दही-भात घेतला, डोक्यावरून पदर ओढला आणि मला म्हणाली, "याच्यापाशी बस." ती वेशीबाहेरच्या लिंबाखाली गेली. तिथं देवीचे शेंदूर फासलेले दगड होते. चाळीसगावकडच्या तिच्या माहेरी, बाप्तिस्म्याच्या आधी, तिच्या आईनं तिच्यासाठी हेच केलं होतं. ती वाटी रिकामी घेऊन परत आली, हात धुतले आणि त्याच्या उशाशी बसून आपली प्रार्थनाही केली. दोन्ही केलं. मी तेरा वर्षांची होते, मला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा तो गेला होता. नदीकाठच्या दफनभूमीत तुम्हीच शब्द बोललात, आवाज हलू दिला नाहीत. आठवडा झाला असेल नसेल, मंडळीचे थोरले पंच ओट्यावर येऊन बसले. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, बोलताना टोपी गुडघ्यावर ठेवायचे. "पाळकसाहेब, तुमचं दुःख ते आमचं दुःख. पण वेशीबाहेर बाईंना लोकांनी बघितलं." "मागच्या महिन्यात दळणवाल्या काकूनं पोरीच्या मनगटाला भगताचा दोरा बांधला, तर तुम्ही वेदीवरून तिचं नाव वाचून तिला प्रभुभोजनातून काढलंत. आता ती विचारते, पाळकाच्या घरचा देव वेगळा आहे का?" आई दारामागं उभी होती. तुम्ही तिच्याकडं पाहिलंत, तिनं मान हलवली. खरं आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. तुम्हाला वाटलं, तिनं परवानगी दिली.

त्या रविवारी सतरंजीवर मी तिच्या शेजारी बसले आहे. बाहेर कापसाच्या गाड्यांची घुंगरं वाजताहेत. तुम्ही उपदेश संपवता, खिशातून कागदही काढत नाही, तोंडानंच सांगता: मूर्तीपुढं नैवेद्य ठेवल्याबद्दल माझ्या पत्नीला प्रभुभोजनातून दूर ठेवण्यात येत आहे, तिनं मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करेपर्यंत. 'माझ्या पत्नीला' म्हणालात. बायकांच्या माना वळल्या. आई उठली आणि मागं, पाण्याच्या माठाजवळ जाऊन बसली. ती जागा पुढं अकरा वर्षं तिची झाली.

दळणवाली काकू पुढच्याच महिन्यात उभी राहिली, चुकलं म्हणाली, परत आत आली. ती आईला समजवायला येई. "बाई, म्हनी टाक ना एकदाव. जीभ काय झिजस का?" आई हसायची. "तुझी पोर जिवंत आहे, काकू. तू म्हणू शकतेस." मग एकदा, पीठ चाळता चाळता, ती तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "ते पाप व्हतं म्हनसू, तर मना आंडोर मनामुळे गया आसं व्हई. ते मी म्हनाव नही." आबा, ते पाप म्हटलं तर माझा पोरगा माझ्यामुळं गेला असं होईल, हे तिनं तुम्हालाही सांगितलं होतं. भिंतीपलीकडून मी ऐकलं. तुम्ही म्हणालात, "तसं कुणी म्हणत नाहीये." ती म्हणाली, "मग मला काय म्हणायला लावताय?" उपदेशासाठी शब्द विचारणं त्यानंतर बंद झालं, आणि लोक म्हणू लागले, पाळकसाहेबांचं हल्ली डोक्यावरून जातं.

भाकर मात्र तीच भाजत राहिली. पंचांनी त्यालाही हरकत घेतली होती. जिला खायची बंदी, तिनं करायची कशी? तुम्ही म्हणालात, "मग तुमच्या घरून आणा." त्या महिन्यात पंचीणबाईंनी भाकर आणली. ती इतकी वातड की तुमच्या हातानं मोडेना, आणि पहिल्या रांगेतले म्हातारे तोंडात धरून बसले, गिळवेना आणि थुंकता येईना. पुढच्या महिन्यात शनिवारी पीठ परत आमच्याकडं आलं. सोबत निरोप होता, "बाईंना म्हणावं, त्यांच्या हातची बरी."

प्रभुभोजनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, खुंटीवरच्या तुमच्या काळ्या कोटाला मुंग्या लागत. आई तो अंगणात नेऊन झटकायची. हे मी वर्षानुवर्षं बघत आले, पण कोटाला मुंग्या का लागतात, असा प्रश्न मला पडला नाही. लढाईच्या दिवसांत ती खंगली, अंथरुणाला लागली, आणि कोट झटकण्याचं काम माझ्याकडं आलं. खिसा उलटा केला तर भाकरीचा तुकडा. बिनमिठाचा, काट्यानं टोचलेला. सगळ्यांना वाटून झाल्यावर पाळक वेदीकडं तोंड करून शेवटी स्वतः घेतो, तेव्हा त्याची पाठच दिसते. तुकडा तोंडात गेला की खिशात, कुणाला कळत नाही. मी तुकडा तळहातावर घेऊन आईकडं गेले. तिनं पाहिलं न पाहिलंसं केलं. "माले ठाऊक शे," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यापासून. झटकी टाक नि वाळत घाल."

तिचा शेवटचा रविवार तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही उपासना संपवून तसेच प्रभुभोजनाची ताटली घेऊन आलात, वर पांढरा रुमाल. तिच्या खाटेशी उभे राहिलात. "एवढंच म्हण," तुम्ही म्हणालात, "इथंच म्हण, मंडळीसमोर नको. मी आत्ता देतो." ती म्हणाली, "तुम्हीच म्हणा. माझ्यामुळं गेला नाही, असं म्हणा." तुमचा हात रुमालावर होता. तो तिथंच राहिला. तुम्ही ताटली तशीच घेऊन बाहेर गेलात आणि गुरुवारी आपण तिला धाकट्याशेजारी ठेवलं.

मी पुष्कळ वर्षं तुमच्या बाजूनं विचार करून पाहिला. तुम्ही सूट दिली असतीत तर काकूनं आणि तिच्यासारख्या चार जणींनी तुमच्या तोंडावर दार लावलं असतं, आणि त्यांचं बरोबर असतं. शिक्षा तुम्ही स्वतःलाही दिलीत, न बोलता, दर महिन्याला, पुढं मरेपर्यंत. तुम्ही गेल्यावरही तो कोट मीच झटकला, म्हणून सांगते. पण खिशातल्या तुकड्यानं तिला काय मिळालं, आबा? तिला एक वाक्य हवं होतं. इतकी वर्षं वेदीवर उभं राहून बोलणारा माणूस तुम्ही, आणि ते एक वाक्य तुम्हाला आलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. शनिवारी पहिली भाकर तव्यावरून उतरली की आई तिची कड मोडायची. एक तुकडा माझ्या हातावर, एक स्वतःच्या तोंडात. "भाजली का बघते," म्हणायची, आणि चावताना डोळे मिटायची. बिनमिठाच्या भाकरीत बघण्यासारखं काय असतं? बाहेरच्या खोलीत तुम्ही उद्याचे शब्द जुळवत असायचात, आणि आत ती, पंचीणबाईंचा तेवढा महिना सोडला तर, दर महिन्याला न चुकता आपलं प्रभुभोजन जेवून घ्यायची. उपाशी राहिलात ते तुम्ही एकटेच. तिला ते ठाऊक होतं, तिनं सांगितलं नाही. तिच्यामागं तुम्ही दोन वर्षं होतात, रोज रात्री मी तुम्हाला वाढत होते. मीही सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही, आबा. आजही, हे सगळं लिहून झाल्यावरही, पुरतं सांगावंसं वाटत नाही.