व्हाळापलीकडे टाकलेला बार

शनिवार, नोव्हेंबर
अल नहदा, शारजा

अण्णा,

इतकी वर्षं तुम्हाला मनातलं काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुम्ही होता तेव्हाही माझ्या पत्रांत पाऊसपाणी आणि आईचे गुडघे याखेरीज काही नसायचं, आणि तुम्ही गेल्यावर लिहायचं कारणच उरलं नाही असं मी धरून चालले होते. आज दुकानात एका वयस्कर गिऱ्हाइकाने आपल्या चुकलेल्या नेमाचा दोष माझ्यावर टाकला. घरी येताना गाडीत मी वाटभर भांडत होते, पण त्या माणसाशी नाही, तुमच्याशी. म्हणजे कारण अजून उरलंय.

माझं काम तुम्हाला मी कधी नीट सांगितलं नाही. 'इम्पोर्टच्या ऑफिसात आहे' एवढंच तुम्हाला ठाऊक. ते खोटं नव्हतं. सुरुवातीला मी कागदपत्रंच बघायचे. पण हे दुकान शिकारीच्या सामानाचं आहे. बाहेर दुर्बिणी, तंबू, बूट. आतल्या कुलपाच्या खोलीत परवान्यावर विकायच्या रायफली आणि काडतुसं. इथे रानातलं जनावर मारायला बंदी आहे, म्हणून शौकीन लोक थंडीच्या सुमाराला परदेशातल्या डोंगरांत जातात, आणि जाण्याआधी आमच्याकडे येतात. कोणतं काडतूस घ्यायचं, त्यात कसली गोळी, हे सांगायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, कारण तक्ते वाचायचा बाकी सगळ्यांना कंटाळा आणि मी फिजिक्सची. गिऱ्हाईक आधी माझ्यामागे कोणी पुरुष उभा आहे का ते बघतं, मग ऐकतं. मी जन्मात एकदाही बंदूक खांद्याला लावलेली नाही हे मी कोणाला सांगत नाही. का लावलेली नाही ते तुम्हाला माहीत आहे.

आपली ठासणीची बंदूक शेतीच्या राखणीसाठी मिळालेली, परवान्यावर तुमचं नाव. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची आणि वाडीतले बंदूकवाले मिळून रान काढायचे. आपल्या घरची दारू भरायचं काम माझं होतं. स्वयंपाकघरामागच्या पडवीत, चुलीपासून लांब, पाटावर बसून. पितळेचं ते छोटं माप काठोकाठ भरायचं, बोटाने सपाट करायचं, नळीत ओतायचं, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग शिशाची गोळी, परत बोळा. तुम्ही शाळेत मास्तर होतात आणि घरीही मास्तरच. हे सगळं पाढ्यांसारखं पाठ करून घेतलंत, आणि वर एक वाक्य: डोळा दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. काका लांब अंगणात विडी ओढत ओरडायचा, "गो बाये, दारू नीट ठास हां. नायतर डुकर माका बघून हसतलो." मी म्हणायचे, "तो तुम्हाला बघून आधीच हसतोय, काका." तुम्हीसुद्धा हसायचात. तेवढं तुमच्या बाजूने लिहून ठेवते.

त्या वर्षीची ती सकाळ मात्र माझ्या मनात अजून संपलेली नाही. मी सातवीत. दुसरा बार भरून द्यायला तुमच्यामागे उकिडवी बसले आहे. समोर व्हाळाचं वाहतं पाणी, पलीकडच्या काठावर करवंदीची जाळी. डुकराची वाट जिथून जाते त्या बारीवर वाडीतल्या वरच्या घरचे लोक बंदूक घेऊन उभे आहेत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला काका, हातात नुसता दांडा, जनावर फुटून खाली जाऊ नये म्हणून. हाकारा सुरू होतो आणि डुक्कर पलीकडच्या काठाने निघतं. ते सरळ बारीकडेच चाललंय. जरा दम धरला तर वरच्या घरच्यांच्या पुढ्यात येईल आणि पडेल. पण आपल्या वाडीची रीत अशी, की ज्याच्या गोळीने पहिलं रक्त निघेल त्याचं जनावर. मारलं दुसऱ्याने तरी डोकं आणि मागची तंगडी पहिल्याच्या घरी जाते, आणि पुढच्या शिकारीपर्यंत नावही त्याचंच निघतं. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही डुकराकडे बघत नाही, बारीकडे बघता. वरच्या घरच्यांची बंदूक वर होताना तुम्हाला दिसते आणि तुम्ही व्हाळापलीकडे बार टाकता. डोळा सोडाच, मला तर त्या जनावराचे पायही दिसत नव्हते.

गोळी लागली, पण मागच्या अंगाला. डुक्कर गर्रकन वळलं आणि काका उभा होता तिकडे घुसलं.

काकाला घोंगडीच्या झोळीत घालून अंगणात आणला. मांडी गुडघ्यापर्यंत फाटलेली. सगळी वाडी जमली. कोणीतरी विचारलं, "मास्तर, तुमचो नेम कसो चुकलो?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नेम चुकाक नाय. चेडवान दारू कमी भरल्यान."

चेडू म्हणजे मी. बार उडून गेल्यावर नळीत दारू किती होती हे कोणाला दिसतं? लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि 'पोर आहे' म्हणून सोडून दिलं. ते सोडून देणंच जास्त लागलं. त्या दिवसापासून पडवीतला पाट तुम्ही मला बंद केलात. काका वाचला, पण पाय ओढतच राहिला आणि पोफळीवर पुन्हा कधी चढला नाही. त्याने मला एका शब्दाने दुखवलं नाही. उलट मला हलकं वाटावं म्हणून चेष्टा करायचा, "बाये, चायत साखर तरी पुरी घातलंस मा?" सगळे हसायचे. मी आत जाऊन खरंच साखरेचा डबा बघायचे. तो गेला तेव्हाही त्याच समजुतीत गेला. तुम्ही त्याच्या उशाशी बसून होता, अण्णा. बोलायला वेळ होता.

मग मी लग्न होऊन इकडे यायला निघाले, तेव्हा तुम्ही ते पितळेचं माप रुमालात बांधून माझ्या हातात दिलंत. "राहू दे तुझ्याकडे," एवढंच. ते माझ्या इथल्या स्वयंपाकघरात आहे, मेथीदाण्यांच्या डब्यात. तुम्ही माफी मागितलीत की माझी चूक माझ्या सामानात बांधून दिलीत, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. एकदा ते दुकानात नेलं आणि पाण्याने भरून काडतुसांच्या बारीक काट्यावर ठेवलं. पाण्याच्या वजनावरून दारूचा हिशोब केला. त्या मापाची दारू त्या बंदुकीला पुरून उरेल एवढी होती. पण मग वाटलं, त्या सकाळी मी माप काठोकाठ भरलं होतं का? सपाट करणारं बोट आठवतं, पण ते त्या दिवसाचं की बाकीच्या दिवसांचं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. इतकं मात्र सांगू शकते: दारू कमी असती तर गोळी आधी खाली गेली असती, काठाच्या चिखलात. ती उंचीला बरोबर गेली आणि मागे लागली, म्हणजे डुक्कर चालत होतं आणि तुम्ही ते होतं तिथे नेम धरलात. आणि गोळीला फिरकी देणारे आटे नसलेल्या नळीतून गोल गोळी तेवढ्या लांब जाताना कुठे जाईल, हे दुप्पट दारू घालूनही कोणी सांगू शकलं नसतं.

आता आजचं. हे गृहस्थ सत्तरीचे, इथलेच, गोड बोलणारे, मला बेटी म्हणणारे. उन्हाळ्यात आले होते. लांब शिंगांचा डोंगरी बोकड मारायचाय, दरीच्या या काठावरून त्या काठावर, 'लंबा जाने वाला' द्या. मी त्यांच्यासमोर तक्ते पसरले. लांब जाणं आणि लांब जाऊन मारणं ह्या दोन गोष्टी आहेत हे मी सगळ्यांनाच सांगते. हलकी गोळी नळीतून निघताना जोरात वाटते, पण वाटेत लवकर थकते आणि वारा तिला सहज ढकलतो. नुसत्या तांब्याची कडक गोळी जवळून उत्तम, पण वेग उतरला की अंगात शिरून फुलासारखी उघडत नाही, सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखम घेऊन पळतं. निशाणेबाजीची गोळी कागदावर छान. म्हणून सुचवलं त्यांच्या रायफलीचं ते मोठं, 'पॉइंट तीनशे' मापाचं काडतूस, त्यात जड, निमुळती, पातळ आवरणाची शिशाची गोळी, जी वेग टिकवते आणि कमी वेगातही उघडते. आणि शेवटी म्हटलं, चारशे मीटरच्या पुढे मी काही सांगत नाही. पुढे गोळी पोचेपर्यंत बोकड एक पाऊल टाकतो, आणि ते पाऊल कोणत्याच तक्त्यात नसतं. ते हसले. "बेटी, तुम डरता बहुत है."

आज परत आले. बोकडाला गोळी लागली, तो कड्याआडून गेला, वाटाड्याने संध्याकाळपर्यंत शोधला, मिळाला नाही. "तुम्हारा गोली खुला नहीं. खराब." आमचे मॅनेजर कोल्हापूरचे, त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, मोठं गिऱ्हाईक आहे. बॅच कमजोर होती म्हणा, दुसऱ्या पेट्या देऊ, खलास. सॉरीवर व्हॅट लागत नाही."

"बॅच चांगली आहे, सर. त्याच पेट्या किती जणांनी नेल्या."

"असू दे की चांगली. काडतुसाला काय अब्रू असते होय?"

त्या वाक्यापाशी माझा पाय अडला. मी काउंटरवर गेले आणि त्यांना विचारलं, "कितना दूर था?" ते म्हणाले, हवा अशी साफ होती की बोकड हातात धरल्यासारखा दिसत होता. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी सांगितलं ते मी सांगितलेल्याच्या दुप्पट होतं. मॅनेजर मागून खाकरले. मी म्हटलं, "जानवर मिला नहीं, तो गोली खुली नहीं ये किसने देखा? खुली होगी. पेट में खुली होगी. गोली ने अपना काम किया, दूरी आपने चुनी." बोलताना माझा आवाज बारीक झाला होता, सातवीतल्या मुलीसारखा. मला वाटलं आता माझी नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसा, आणि मुलीची शाळा अर्ध्यात.

पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "तुमको किसने सिखाया?"

"मेरे वालिद ने."

"शिकारी था?"

"जी. जब तक जानवर की आँख न दिखे, वो कभी नहीं चलाते थे."

त्यांनी मान हलवली, तुमच्यासाठी दुव्याचे दोन शब्द पुटपुटले. मग म्हणाले, "फिर भी, मेरे को दूसरा गोली दो." मॅनेजर आनंदाने दुसरी पेटी घेऊन आले, आणि आमच्या जुन्या बॅचच्या पेट्या फळीवरून काढून काउंटरखाली, परत पाठवायच्या मालात सरकवल्या. मला काही बोलले नाहीत. म्हणजे नोकरी आहे, आणि गोळी खराब ठरली.

आत्ता मुलगी येऊन विचारून गेली, "मम्मा, हू आर यू रायटिंग टू? ऑन पेपर?" म्हटलं, आजोबांना. "बट ही इज डेड." म्हटलं, हो. "ओके," म्हणाली आणि फ्रिज उघडून उभी राहिली.

हे पत्र कुठे जाणार नाही. घडी करून मेथीदाण्यांच्या त्या डब्याखाली ठेवीन. तुम्ही भर अंगणात स्वतःची चूक माझ्यावर टाकलीत, आणि आज भर दुकानात मी माझी अक्कल तुमच्या नावावर टाकली. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही लांबून कधीच बार टाकला नाहीत असं एका परक्या माणसाला सांगितलं, त्याने तुमचं भलं चिंतलं, आणि तेवढ्यापुरतं ते मला खरं वाटलं, बरंही वाटलं. याचा मला राग येतो आहे.

उद्या: मॅनेजर यायच्या आधी त्या पेट्या काउंटरखालून काढून परत फळीवर लावायच्या.