कोंबड्यांना टाकायचं तोरण

लंडन, ९ मार्च १९५४

ती. आईस,
राघोचा इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. खोकला आता पुष्कळ कमी आहे. स्वेटर अंगातून काढत नाही.

आमच्या म्युझियममध्ये सध्या नुसत्या खुर्च्या मांडल्यात, बसायला एकही देत नाहीत. पुढच्या महिन्यात गवत-पेंढ्याच्या कामाचं प्रदर्शन आहे. त्यात तुझं भाताच्या लोंब्यांचं तोरण लागतंय! आपल्या गोदाच्या लग्नात रुखवतात मांडलेलं. "हे कोंबड्यांना टाका" म्हणत तिच्या सासूने, विमलाबाईने, भर मांडवात ज्याच्यावर चादर घातली, तेच. मी ते उगाच ट्रंकेत घालून आणलं नव्हतं.

काचेच्या कपाटात आहे. खाली तुझं नाव आणि 'गाव - कळवा' असं छापलंय. उद्घाटनापर्यंत झाकून ठेवू म्हणून साहेब चादर घेऊन आला. मी म्हटलं, नाही साहेब, याच्यावर एकदा टाकून झालीय.

गोदाला अजून टोचून बोलतात का? खरं कळव.

सोबत कपाटातल्या तोरणाचा फोटो आहे. नवं लुगडं नेसून तू स्वतः गोदाच्या सासरी डोंबिवलीला जा. चार बायका जमल्या की फोटो पिशवीतून बाहेर काढ. विमलाबाईच्या हातात देऊ नकोस. आणि ती बघायला वाकली, की फोटोवर पदर टाक.

काहीएक न विसरलेला,
तुझा राघो