आयोनीच्या गोष्टीचा खरा शेवट कोणाकडे जावा

मी, वर्डेल पेटिफोर्ड, वय ७३, धंदा भयपट दिग्दर्शन (आता बंद), राहणार लायमर्ट पार्क, लॉस एंजेलिस, गुडघे सोडून सर्व ठीक असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ल्युशस टिबोचे नाव होते.

१. राहते घर माझी भाची कॅला हिला. तिला जन्म देताना माझी थोरली बहीण आयोनी १९७१ साली इस्पितळात वारली. "पोटात काहीतरी फाटतंय," असे ती चार तास सांगत होती. डॉक्टर म्हणाला, "तुम्हा बायकांना ओरडायची सवयच असते."

२. मुखवट्यांचे साचे, रंग आणि ब्रश शेजारच्या शाळेला. खोटे रक्त फेकून द्यावे, आंबले आहे.

३. ल्युशस टिबो यास काहीही नाही. कारण नोंदवते.

१९९४ साली आम्ही चार काळ्या दिग्दर्शकांनी चार भुताच्या गोष्टींचा एक सिनेमा केला. तिसरी गोष्ट माझी. मेलेली बाळंतीण डॉक्टरच्या उशाशी येऊन बसते, त्याच्या छातीवर हात ठेवते आणि तो ओरडत असताना नुसती ऐकत राहते. संपले. निर्माता म्हणाला, तिने माफ करावे. मी नाही म्हटले. पहिली गोष्ट ल्युशसची होती आणि चारही गोष्टींचे संकलन त्याच्याकडे. त्याने माझ्या नकळत नटीला बोलावून नवा शेवट चित्रित केला: भूत हसते, डॉक्टरच्या कपाळाचा मुका घेते, उजेडात जाते.

मला हे थेटरात कळले. शेजारी माझी आई होती. तिने वळून विचारले, "आयोनीनं माफ केलं? कधी?" आई टोपी उचलून निघून गेली. माझा एकही सिनेमा तिने पुन्हा पाहिला नाही.

आता त्या सिनेमाचा गौरव सोहळा आहे, तिथे मूळ शेवट दाखवायचा म्हणून ल्युशस परवा माझ्याकडचे त्याचे रीळ मागायला आला.

"अगं वर्डेल, तेव्हा आपला सिनेमा लावत कोण होतं? तो शेवट बदलला म्हणून चौघांचं नाव झालं."

"मग तुझ्या बहिणीला हसवायचं होतंस."

"तीस वर्षं झाली, बाई! सोड की आता."

कॅला दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, त्या डॉक्टरला माफ करायचं तर मला विचारायचं होतं. आई माझी गेली."

तो चहा न पिता गेला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हे मला ठाऊक आहे. तरीही नाही.

४. सदर रीळ कॅलाच्या मालकीचे. तिने ते चर्चच्या हॉलमध्ये, आमच्या गल्लीतल्या लोकांना फुकट दाखवावे. ल्युशस आल्यास अडवू नये, बसू द्यावे. प्रत मात्र देऊ नये.

५. माझ्या अंत्यविधीत ल्युशसने भाषण करू नये. रडायचे असल्यास रस्त्यावर रडावे.

६. मी कोणालाही माफ केलेले नाही. हे वाक्य कोणी कापू नये.

सही: वर्डेल पेटिफोर्ड
साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली म्हणून: ऑर्लीन मॅकस्वेन, शेजारीण; आणि रेव्हरंड थॅडियस गुडलो (कलम ६ गाळावे अशी विनंती केली, ती फेटाळली गेली)
लॉस एंजेलिस, ९ ऑक्टोबर २०२४