समुद्र शांत होता

प्रिय काल्तापाऊदादा,

तुझ्या लेइवियाला मी आज तान्ना बेटाच्या बोटीत बसवलं. आपल्या चर्चच्या राष्ट्रीय युवासंघाच्या चाळिशीचा मेळावा तिथे आहे. ऑस्ट्रेलियाला जाताना तू बजावलं होतंस, की पोरीला बोटीत पाऊल ठेवू द्यायचं नाही.

"आत्या, भ्यायचं काय? तूच लिहिलंयस ना, पहिल्या मेळाव्याला पोरं गात गेली आणि समुद्र शांत होता? का चर्चच्या पुस्तकात थापा मारतेस?" ती म्हणाली. सगळे हसले. मीही हसले.

संघाचा इतिहास लिहिताना ते वाक्य मी पाळकांच्या तोंडून घेतलं. त्या बोटीत तू होतास, आणि त्यानंतर कधीच बोटीत बसला नाहीस. तरी तुला विचारायचं मी टाळलं.

दुपारपासून वारा वाढलाय. किनाऱ्याने कडवं म्हणायचं, बोटीने उत्तर द्यायचं, ही आपली निरोपाची रीत. आज दुसऱ्याच कडव्याला उत्तर ऐकू येईना. बाकीचे लापलाप खायला गेले. मी अजून इथेच बसलेय.

हे पत्र धाडलं तर ती बोटीत असल्याचं तुला कळेल, म्हणून धाडणार नाही. पण दादा, खरं सांग, तेव्हा समुद्र शांत होता का?

तुझी धाकटी,
लेइतांगी