गोड्या पाण्यातलं पापलेट

शनिवार, २ जानेवारी २०१६
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. लेखक व्हायची हौस नाही, ती रिकामटेकड्यांची कामं.
यूट्यूबवर कॅनडातला एक दाढीवाला आहे. गोठलेल्या तलावाला भोक पाडतो, त्यात गळ सोडतो आणि बादलीवर बसून राहतो. सीझन स्लो असताना मोटिव्हेशन कसं टिकवावं, यावर त्याचा व्हिडिओ आहे. नियम पहिला : लिहून ठेवा. म्हणून हे.
कारण असं. दिवाळीला अलिबागहून सासऱ्यांचा फोन आला. स्मिताला म्हणाले, तुझा नवरा वरणभातवाला, त्याला मासा आणि चप्पल यातला फरक कळायचा नाही. स्पीकर चालू होता. मी तिथल्या तिथे सांगितलं, फेब्रुवारीत या, माझ्या हाताने पकडलेला मासा खायला घालतो. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.
मी पुण्याचा, शुद्ध शाकाहारी. पण मासा खाणं वेगळं आणि मॅनेज करणं वेगळं. पाया लेबारच्या ऑफिसात मी अख्खी टीम सांभाळतो. मासा तर मीटिंगमध्ये उलट बोलतही नाही.
विषुववृत्ताजवळच्या आमच्या यिशुनमध्ये बर्फ फक्त ज्यूसवाल्याकडे मिळतो. हरकत नाही. तत्त्व महत्त्वाचं.

रविवार, ३ जानेवारी
घराजवळच्या तलावावर पहिला दिवस. रॉड नवा, टोपी नवी, आइसबॉक्स नवा. आमिष म्हणून कणकेचे गोळे, त्यात थोडी हळद. बसलो न बसलो तोच सायकलवरून एक गार्ड आला. म्हणाला, इथे खाण्याचं आमिष चालत नाही, फक्त रबराचा नकली मासा. शिवाय या बाजूला मासेमारीच बंद आहे. मी त्याला हळदीचे गुण समजावून सांगितले. त्याने माझ्या मागच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. पुन्हा समजावलं. पुन्हा बोट.
राधिका सोबत होती. म्हणाली, बाबा, बोर्ड सो बिग, हाउ कॅन यू नॉट सी? पंधरा वर्षांच्या मुलीला बापापेक्षा बोर्ड मोठा वाटतो. यापुढे एकट्याने जायचं.
मासे : नाहीत. नियमांमुळे.

शनिवार, ९ जानेवारी
नियम दुसरा : थर्मासमध्ये गरम सूप ठेवा, उत्साह टिकतो. स्मिताकडून टोमॅटोचं सार करून घेतलं. तलावाच्या परवानगीच्या काठावर, उन्हात छत्रीशिवाय बसून उकळतं सार प्यायलो. जीभ भाजली. दाढीवाल्याचा मुद्दा मात्र योग्य आहे, झोप अजिबात येत नाही.
शेजारी बनियनवाले दोन अंकल. रेडिओ लावतात, पाय पसरतात, आपसात खिदळतात. त्यांना मात्र मासे लागतात. म्हणजे इथल्या माशांनाही दर्जा नाही.

रविवार, १० जानेवारी
नियम तिसरा : एका भोकापाशी अडकून राहू नका, जागा बदला. बदलली. पुन्हा बदलली. तिसऱ्या जागेवरून जोरात गळ फेकला तो मागच्या झाडात. रबरी मासा फांदीवर लटकतो आहे. अंकल लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिकडे बघितलं नाही.

सोमवार, १८ जानेवारी
शनिवार-रविवार पाऊस. घरी बसून पीपीटी केलं : मासे न लागण्याची मूळ कारणं. पाऊस, गढूळ पाणी, अंकल, रेडिओ, रॉडचा दर्जा. माझ्या बाजूने त्रुटी आढळली नाही.
ऑफिसच्या पँट्रीत सारंग भेटला. दर सोमवारी तो विचारतो, किती मिळाले? हा सारंग मॅरेथॉन पळतो. पहाटे उठून कुठून तरी निघायचं आणि धापा टाकत परत घरीच यायचं. त्याला कधी कोणी विचारतं का, काय मिळालं म्हणून?

रविवार, २४ जानेवारी
दोन दिवस अंथरुणात. दाढीवाला म्हणतो, थंडीत स्थिर बसण्याचा सराव घरी करा. एसी अठरावर ठेवून त्याखाली स्टुलावर बसलो. अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. सर्दी, ताप. डॉक्टरने काय झालं विचारलं. आइस फिशिंगची तयारी करतोय म्हटल्यावर त्याने माझा पत्ता पुन्हा एकदा नीट वाचला.
स्मिता म्हणते, कबूल करून टाका बाबांना, ते हसतील आणि विसरतील. हसतील हे खरं. विसरतील? लग्नात मी पंगतीत सुरमईच्या ताटाला हात जोडले होते, ते अजून सांगतात. अलिबागला मला कोणी जावई म्हणत नाही. पुणेकर म्हणतात.
नाही. मासा पकडायचाच.

रविवार, ३१ जानेवारी
लागला. रॉड वाकला. अंकल उभे राहिले. रेडिओ बंद केला. मी दाढीवाल्यासारखा दम धरून, अगदी हळूहळू ओढला.
छत्री होती. उघडलेली, त्यामुळेच एवढी जड. ओढण्याचं तंत्र मात्र अचूक होतं, हे अंकलनाही मान्य करावं लागलं असतं, पण ते खाली बसून डोळे पुसत होते.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
चायनीज न्यू इयर. सुट्टी. अंकल घरी, तलाव सगळा माझा. दिवसभर बसलो. काही नाही. या तलावात मासे आहेत, याला पुरावा काय? अंकलनी आणलेले मासेच रोज पिशवीतून परत नेत नसतील कशावरून?

शुक्रवार, १२ फेब्रुवारी
सासरे आले. चांगी विमानतळावर ट्रॉली ढकलत बाहेर आले, राधिकाला जवळ घेतलं, स्मिताला जवळ घेतलं, माझ्याकडे बघून म्हणाले, काय पुणेकर, मासा कुठाय? मुक्काम तीन महिने.
रविवारी, म्हटलं.

रविवार, १४ फेब्रुवारी, सकाळ
पहाटेपासून तलावावर. काही नाही. परतताना ब्लॉकखालचा बाजार लागला. तिथे उभा राहून शांतपणे विचार केला. मासेमारी म्हणजे शेवटी काय? सोर्सिंग. आणि आउटसोर्सिंग तर माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. क्लायंट कधी विचारतो का, कोड कोणी लिहिला?
पापलेटं घेतली. दोन. सगळ्यात सभ्य दिसणारा मासा तोच. मासेवाल्या बाईने पोट साफ करून दिलं. प्लॅस्टिकची पिशवी खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. डिटेलकडे लक्ष, हा माझा जुना गुण.

त्याच दिवशी, दुपार
विजय. सासऱ्यांनी पापलेटं उलटसुलट करून बघितली. विचारलं, तळ्याचं पाणी गोडं की खारं? म्हटलं, एकदम गोडं, सरकार तेच गाळून प्यायला देतं. बराच वेळ मान हलवत राहिले. साहजिक आहे, अलिबागला अशी सोय कुठली. मग विचारलं, पोट कोणी साफ केलं? म्हटलं, मीच, तिथल्या तिथे. कशाने? घराच्या किल्लीने.
स्मिता पाणी आणायला आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.
जेवले मात्र पोटभर. हात धुताना म्हणाले, छान होतं हो, जावईबापू.
जावईबापू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन वेळा लिहितो. जावईबापू.

रविवार, २१ फेब्रुवारी
सासऱ्यांचा माझ्यावर विश्वास बसला आहे. काल म्हणाले, तुमच्या तळ्यात पापलेट आहे म्हणजे सुरमईही असणार, बघा लागते का. लागली. बाजारात बाईने सवयीने तिचे तुकडे केले आणि घरी येईपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही. सासऱ्यांनी विचारलं, तुकड्यातुकड्यानेच पोहत होती का? म्हटलं, फार जड होती, काठावरच कापावी लागली. पुन्हा किल्लीने? विषय बदलला.
राधिका म्हणाली, नेक्स्ट वीक कॅन कॅच सुशी, लाह. दुर्लक्ष केलं. सारंगला आज फोटो पाठवले. त्याचं उत्तर नाही. जळतोय.

रविवार, २८ फेब्रुवारी
बाजारातच जायचं होतं. रॉड नुसता ओला दिसावा म्हणून तलावावरून गेलो. गळ पाण्यात सोडला, खिशातून फोन काढला, तेवढ्यात रॉडला हिसका बसला. छत्री असेल म्हणून ओढलं.
मासा. जिवंत. तळहाताएवढा, राखाडी, तोंड उघडझाप करणारा. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. बनियनवाल्या अंकलने उठून पाठीवर थाप मारली, मी त्याला मिठी मारली. बाजाराकडे ढुंकूनही न बघता सरळ घरी आलो. एवढा खूश मी प्रमोशनलाही झालो नव्हतो.
सासऱ्यांच्या पुढ्यात आइसबॉक्स उघडला. त्यांनी मासा हातात घेतला, वास घेतला, म्हणाले, ही तर चिलापी, चिखलाचा वास मारतेय. आज घाईत बाजारातून उचललीत वाटतं.
मी म्हटलं, नाही, ही मी पकडली. आईशप्पथ पकडली. अंकलना विचारा. राधिका म्हणाली, बाबा, डोन्ट ब्लफ लाह. स्मिताकडे बघितलं. ती खाली बघून कोथिंबीर निवडत होती. तीन रविवारांत पहिल्यांदा खरं बोललो आणि घरात एक माणूस माझ्या बाजूने नाही.
सासऱ्यांनी मला शेजारी बसवलं. खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मायेचा. म्हणाले, पुढच्या रविवारी हलवा पकडा, जावईबापू. पकडताना कल्ले उघडून बघा, लालभडक असतील तरच पकडा. मागची सुरमई शिळी होती, बाईने तुम्हाला फसवलं. आणि डोकं तिच्याकडून मागून घ्यायला लाजू नका.
बरं म्हणालो.
चिलापी कोणी खाल्ली नाही. दुसरा मासा आणलेला नव्हता. आज रविवार असून सगळ्यांनी वरणभात खाल्ला.