खडूचं पान

३ जुलै

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तू शिवलेला पडदा वर्गाच्या खिडकीला लावला. जरा आखूड आहे, पण शिंपीणबाईंना नावं कोण ठेवणार! सामानासाठी मुख्याध्यापकांनी यंदाही हात वर केले, म्हणून मीच युक्ती काढली. भिंतीवर कागदाचं झाड केलं आणि प्रत्येक पानावर वर्गाला हवी असलेली एक वस्तू लिहिली. पालकांनी पान न्यायचं, वस्तू पाठवायची, आणि ती आणणाऱ्या मुलासाठी वर्गाने टाळ्या वाजवायच्या. झाड भराभर रिकामं झालं. मी जाम खूश होते.

पण पहिल्या बाकावरची आमची बडबडी आठवडाभर शाळेत नाही. पोट दुखतं म्हणे. घरी गेले, तर तिच्या आईला पानाबिनाचं काही ठाऊकच नव्हतं. ती बुटांच्या दुकानात माल लावते. आपल्याही घरून काही येणार असं सगळ्यांना वाटावं म्हणून पोरीनेच झाडावरून रंगीत खडूंचं पान काढून दप्तरात दडवलं होतं. आई म्हणाली, या महिन्यात जमणार नाही. मी राहू द्या, राहू द्या म्हणत राहिले. पोरीने मान वर केली नाही. आता ती दुसऱ्या शाळेत घाला म्हणून हटून बसली आहे. ताई, माझं चुकलं कुठे?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पडदा आखूड नाही, तू माप चुकीचं कळवलंस. आणि बाकीचं चुकलं ते टाळ्यांपाशी. ज्याच्यासाठी वाजल्या नाहीत, तोही सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. महिनाअखेरीला ते पान मीही घेतलं नसतं आणि माझी लेकही अशीच पोट धरून बसली असती. पत्र वाचून त्या पोरीसाठी जीव तुटला.

लोकांना विकत आणायला लावू नकोस, कामावर काय उरतं ते विचार. माझ्याकडच्या चिंध्यांनी फळा पुसता येईल. समोरचा सुतार लाकडाचे गुळगुळीत तुकडे फेकतो, त्यांवर मुलं बेरजा शिकतील. दाराशी टोपली ठेव. कुणी काय टाकलं ते बघत बसू नकोस. आणि बडबडीच्या आईकडे पुन्हा जा, पण समजूत घालायला नव्हे, मागायला जा.

सोबत चिंध्यांचं गाठोडं आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी गेले आणि मागितलं. बडबडीच्या आईने वर्गात मुलं किती ते विचारलं. दुकानात बुटांची रिकामी खोकी रोज फेकली जातात म्हणे. आमच्या मुलांचं सामान आजवर बाकांखाली लोळत असायचं, तुला माहीतच आहे.

काल बडबडी हनुवटीपर्यंत खोकी रचून वर्गात आली, मागे आई तेवढीच घेऊन. मुलांनी सवयीने टाळ्यांसाठी हात उचलले. मी त्यांना थांबवणार, तोच बडबडीने फर्मावलं की टाळ्या राहू देत, आधी खोकी धरा, हात दुखताहेत. दुपारपर्यंत प्रत्येकाचं खोकं रंगवून झालं आणि तिच्या बडबडीने माझं डोकं उठलं. ताई, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर तिने दप्तरातून ते खडूंचं पान काढलं, चुरगळलेलं, आणि माझ्या टेबलावर ठेवलं. हे आता दुसऱ्या कुणाला द्या, आमचं देऊन झालं, असं म्हणाली आणि आईचा हात धरून गेली.

पडद्याच्या दुमडीत सोडलेली माया आहेच, उसवली की लांबी पुरेल; मापही एकदा नीट घेऊन जा.

तुझी,
धाकटी