तुझ्या अंगठ्यासाठी दिलेलं पेन

आई,

परवा कामावरून सुटल्यावर मी एक पेन निवडायला गेले आणि दुकानात पाऊण तास उभी राहिले. घरी आले ती चार पेनं घेऊन. काल त्यातलं एक ठरवलंही, पण ते बरोबर ठरवलं की नाही हे अजून कळत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी तुला लिहावं असं काही नाही. आज सोमवार, कारखान्याला सुट्टी, कपडे वाळत घातले, भाजी निवडली, आणि तरी डोक्यातून ते जाईना म्हणून बसले आहे.

तुला माहीत नसलेलं आधी सांगते. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढं शिरोलीत एका फाउंड्रीत नोकरी लागली आणि आता तिथल्या वाळूच्या लॅबची मी इनचार्ज आहे. लोखंड ओतायचे साचे वाळूचे असतात. त्या वाळूत ओल किती, ती दाबाला किती टिकते, हे आम्ही दर तासाला तपासतो आणि रजिस्टरला लिहितो. गेल्या महिन्यात माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. पानं उलटता उलटता एका ओळीवर थांबला. कुणाच्या तरी घामेजल्या तळव्याखाली शाई पसरली होती. "हे तीन पॉइंट चार आहे की तीन पॉइंट नऊ?" त्यानं विचारलं. आम्ही पाचजण त्या डागाकडं बघत राहिलो, कुणालाच सांगता येईना. तो गेल्यावर साहेब म्हणाले, "ज्याच्या त्याच्या खिशातलं पेन आता बंद. सगळ्यांना एकच. मॅडम, कुठलं ते तुम्ही ठरवा." शाईच्या पेनाचा प्रश्नच नव्हता, आमच्या काळ्या धुळीत त्याचं नीब एक दिवस टिकणार नाही. बाकी काय, एक साधं रोजचं पेन निवडायचं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

बिंदू चौकाच्या मागं एक जुनं स्टेशनरीचं दुकान आहे. तिथले चाचा सत्तरीचे असतील. त्यांनी विचारलं, "ताई, लिवायचं कुठं? घरात का कामावर?"

"कामावर. घाम, धूळ, तेल, सगळं असतंय."

"मग डोळं झाकून बॉल पेन घ्या की. ह्याची शाई तेलाची, पाण्याला भीत न्हाय."

मी लिहून बघितलं. चार ओळींतच अंगठ्याच्या बुडातून कळ आली. हे माझं दोन वर्षांपासून चालू आहे. डॉक्टर म्हणतात, झीज आहे. मी नकळत अंगठा चोळायला लागले, ते चाचांनी बघितलं. "हात दुखतोय व्हय? मग जेल घ्या. टेकवलं की पळतंय." ते खरंच पळत होतं. मी म्हणाले, "चाचा, पाणी आहे का थोडं?" त्यांनी बाटलीचं टोपण भरून दिलं. मी दोन्ही ओळींवर एकेक थेंब सोडला, दहा अंक मोजले आणि बोट फिरवलं. बॉल पेनाची ओळ तशीच राहिली. जेलची फुटली, आणि कागदावर निळा ओघळ उरला.

चाचा बोलतच होते. एक तिसरं पेन काढून दाखवत होते, ह्याची शाई तेलाचीच पण पातळ, दाबायला लागत न्हाय, फक्त रिफिल लौकर सपती आन् गाडीत उन्हात ऱ्हायलं तर गळतंय. जाड पकडीचं घ्या, टोपणाचं घ्या, टिकटिकीचं नको, त्यात धूळ जाती. मी हो हो म्हणत होते. पण बघत होते तो निळा ओघळ, आणि मी नववीत होते.

आपलं स्वयंपाकघर. तू उपकेंद्रातून आली आहेस, साडीचा पदर खोचून चुलीपुढं बसली आहेस, आणि भाकरीला हात लावायच्या आधी कोमट पाण्यात मीठ टाकून उजवा अंगठा बुडवून ठेवला आहेस. गावाला तू नर्सबाई. सुया, टाके, बाळंतपणं यांनी तुझा हात कधी दुखला नाही, दुखायचा तो लिहून. गरोदर बायकांचं रजिस्टर, जन्माचं, लसींचं, कुटुंबांचं, आणि महिन्याचा अहवाल खाली दोन कार्बन घालून. तिसऱ्या कागदावर उठायला पाहिजे म्हणून तू बॉल पेन असं दाबायचीस की पानाच्या मागून हात फिरवला तर अक्षरं बोटाला लागायची. मधल्या बोटाला तर घट्टाच पडला होता.

त्या वर्षी मला निबंधाच्या स्पर्धेत जेल पेन मिळालं. आपल्या घरात आलेलं ते पहिलंच. मी ते तुला दिलं. तू उलटसुलट बघितलंस आणि म्हणालीस, "मला कशाला गं? तुज्या अभ्यासाला ऱ्हाऊ दे." मी ऐकलं नाही. सकाळी तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझ्या पर्समधलं जुनं बॉल पेन काढून मी माझ्या कंपासपेटीत टाकलं आणि नवं तिथं ठेवलं. त्या संध्याकाळी तू आलीस, चहा केलास, आणि चहा पिऊन झाल्यावर मीठपाणी घेतलंच नाहीस. आपण होऊन म्हणालीस, "आज हात दुखला न्हाय बघ." मग रजिस्टर काढून मला दाखवलंस. जन्मांचं नवं पान सुरू करायचं होतं, आधीच्या महिनाभराच्या सुट्या चिठ्ठ्यांवरून तू ते सगळं एका बैठकीत उतरवलं होतंस. सात ओळी. आईचं नाव, तारीख, वेळ, वजन. इतकं सुंदर अक्षर मी तुझं कधी बघितलं नव्हतं. चिठ्ठ्या तू चुलीत टाकल्यास.

दोन दिवसांनी लसीकरण होतं. लसीचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या, आणि डब्याच्या खाली, एकाच थैलीत, रजिस्टर, तू नेहमी असंच न्यायचीस. बर्फाची एक पिशवी चिरली असावी. बर्फ वितळून पाणी खाली उतरलं आणि दुपारी रजिस्टर उघडलंस तेव्हा जुनी सगळी पानं नुसती ओली झाली होती, वाचता येत होती. ते एक पान तेवढं निळं होतं.

तू घरी आलीस. रजिस्टर उघडून चुलीच्या उबेला धरलंस. मग माझ्याकडं वळलीस. "माज्या पर्सला हात लावायला तुला कुणी सांगिटलं हुतं?"

"तुझा हात दुखतो म्हणून..."

"दुखंना! मेलो का म्या त्यानं? हितनं म्होरं मला न इचारता माज्या कामाच्या कशालाबी हात लावायचा न्हाय."

तेवढंच. मारलं नाहीस. पण त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत तू मला वाढ, घे, सरक, असलं काहीही बोलली नाहीस आणि मला ते माराहून जड गेलं. तालुक्याच्या डॉक्टरांपुढं मात्र तू माझा विषय काढला नाहीस. "माज्या हातनं झालं, सायेब. चार दिसांत पुन्ना भरून देतो," असं तू म्हणालीस, हे मला नंतर तुझ्या शिपायानं सांगितलं.

रविवारी तू ती सात घरं फिरायला निघालीस आणि मला बरोबर घेतलंस. का घेतलंस, हेही मला कळलेलं नाही. शिक्षा म्हणून, की सोबतीला? सहा घरं सोपी गेली. बायका हसत होत्या. "नर्सबाई, तुमीच तर हुता की म्होरं, आन् आमाला इचारताय व्हय!" सांगत होत्या, तू लिहीत होतीस, बॉल पेननं. सातवं घर तू मुद्दाम शेवटाला ठेवलं होतंस. ओढ्याच्या कडेला, दोन खोल्यांचं. वाटेत तू मला सांगितलंस की तिथलं बाळ बाराव्या दिवशी तापानं गेलं.

ती बाई दारात शेंगा फोडत बसली होती. वयानं माझ्या ताईएवढीच असेल. तू उंबऱ्याच्या बाहेर तिच्याजवळ उकिडवी बसलीस. मी तुझ्या मागं उभी. तू हळू आवाजात विचारलंस. ती शेंगा फोडत राहिली.

"तवा लिवलं नव्हतं व्हय तुमी?"

"लिवलं हुतं गं. पाण्यानं गेलं."

ती थांबली. "म्हंजे कागदावर पण न्हाय ऱ्हायला त्यो."

तू रजिस्टर उघडून मांडीवर घेतलंस. मग ती म्हणाली, "बुधवार. दिवस उगवायच्या आदी. तारीख तुमीच बगा." तू तारीख लावलीस. वजन तिला विचारलंच नाहीस, दोन किलो चारशे, ते तुला पाठ होतं. लिहून झाल्यावर तू रजिस्टर तिच्या मांडीवर ठेवलंस. "ही बघ, ही तुजी वळ. आता जात न्हाय." तिला वाचता येत नव्हतं. तिनं शेंगांच्या मातीचा हात लुगड्याला पुसला आणि तू दाखवलेल्या ओळीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

यापुढचं सगळं मला गोंधळात टाकतं. ताई म्हणते, ते जेल पेन तू त्याच दिवशी चुलीत घातलंस. मला स्पष्ट आठवतं की मामाला पत्रं तू त्यानंच लिहायचीस, रिफिल संपेपर्यंत. आम्ही दोघी यावर भांडलो आहोत. मग एका दिवाळीत, करंज्या लाटताना, मधेच तू म्हणालीस, "पेन बेस हुतं गं तुजं." मी काही विचारायच्या आत तळणीकडं वळलीस. ते माझं मन राखायला म्हणालीस की खरंच? आणि त्या पहिल्याच सकाळी पर्समध्ये परकं पेन दिसल्यावर तू रजिस्टरला त्यानं लिहिलंस कसं? जेलची शाई पाण्याला टिकत नाही हे तुला माहीत नसेल, असं म्हणावं, तर शेजारच्या गावच्या बाईला तूच एकदा बजावलेलं मी ऐकलं आहे. पण ते आधी की नंतर, ते आठवत नाही. तू माहीत असून लिहिलंस का? एक दिवस हात न दुखता लिहून बघावं, एवढ्यासाठी? आज माझा अंगठा दुखतो तेव्हा मला ते अगदी पटतं, आणि दुसऱ्या मिनिटाला वाटतं, मी स्वतःला सोडवण्यासाठी तुझ्यावर ढकलते आहे.

काल मी चारी पेनं लॅबमध्ये नेली. दिवसभर सगळ्यांनी लिहून बघितली. तेलकट हात पुसला, घामाचा तळवा घासला, पाणी शिंपडलं. तरण्या मुलींना जेल पाहिजे होतं. ओल तपासणाऱ्या काकांना पातळ शाईचं आवडलं, पण दुपारच्या उन्हात त्यांच्या गाडीच्या डिकीत ते गळलं. शेवटी मी साधं बॉल पेन ठरवलं, जाड पकडीचं, टोपणाचं, रिफिल कुठंही मिळणारं. कुरकुर झाली तेव्हा म्हणाले, "माझी आई नर्स होती. आयुष्यभर ती ह्याच पेननं लिहायची."

काकांनी विचारलं, "मग त्यास्नी पसंत हुतं म्हणायचं हे?"

मी "व्हय" म्हणाले. ते तिथंच ठरून गेलं. तेव्हापासून मला चैन नाही. तुझी पसंती कुठली होती ते मला कुठं माहीत आहे? तू ते वापरायचीस, एवढंच मी बघितलं होतं.

हे पत्र मी ताईला दाखवणार नाही, ती लगेच चुलीची गोष्ट काढेल. तुझ्यापर्यंत ते जायचा रस्ता नाही आणि आहे असं मानायचा माझा स्वभाव नाही. पण इतकं लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दारात ती बाई ओळीवरून बोट फिरवत होती, तू मान खाली घालून बसली होतीस, आणि मी तुझ्या मागं उभी राहून रडत होते. घरी येताना तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. तुला वाटलं, मी त्या बाळासाठी रडले. आई, मी रडत होते ते आता तू माझं पेन कधीच वापरणार नाहीस म्हणून.